वीस वर्षे संस्थेत राहिलेल्या भावाला धुळ्यात भाड्याच्या घरात आणावे का?

प्रश्न: देवपूरकर (धुळे)

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. त्याला तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व आहे, लहानपणापासून फिट येतात आणि बोलणे चार-दोन शब्दांपलीकडे जात नाही. गोंगाट वाढला किंवा रोजच्या क्रमात काही बदलले, की तो स्वतःच्या मनगटाला चावा घेतो. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर एकट्या आईला त्याचे सगळे करणे झेपेना, म्हणून त्याला खानदेशाबाहेरच्या एका निवासी संस्थेत ठेवावे लागले. त्याला आता वीस वर्षे होत आली.

संस्था वाईट आहे असे मी म्हणणार नाही. जेवण वेळेवर मिळते, औषधे चुकत नाहीत. परंतु एका दालनात वीस-पंचवीस खाटा आहेत, अंघोळ आणि झोप सर्वांची एकाच ठोक्याला होते, आणि तेथे कोणालाही अहिराणी येत नाही. आई भेटायला जाऊन ‘चाल भाऊ, जेवाले चाल’ म्हणाली की तो लगेच उठतो. काळजीवाहकाने तेच प्रमाण मराठीत तीनदा सांगितले तरी तो हलत नाही, आणि नोंदवहीत मात्र ‘सूचना पाळत नाही’ असा शेरा पडतो.

त्याच संस्थेत अमळनेर आणि चाळीसगाव येथील दोन कुटुंबांचेही प्रौढ सदस्य आहेत. आम्ही तिघांनी मिळून देवपुरात एक घर भाड्याने घ्यावे, मदतनीस नेमावेत आणि या तिघांना तेथे ठेवावे, असा विचार चालू आहे. कायदा याला आधार देतो का, खर्च कसा पेलावा, आणि मुख्य म्हणजे सुरुवात कोठून करावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: गिरणाकाठ (मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता, जळगाव जिल्हा)

ताई, घर शोधण्याचे काम सर्वांत शेवटी करा, असे मी सुचवेन. बहुतेक कुटुंबे उलट्या क्रमाने जातात. आधी भाडेकरार होतो, मग सामान येते, मग माणूस येतो आणि त्यानंतर मदतनिसाची शोधाशोध सुरू होते.

पहिले काम आहे ते तुमच्या भावाविषयीची माहिती संस्थेतून बाहेर काढण्याचे. फाईलमधून औषधांची नावे आणि मात्रा कळतील. पण फिट येण्यापूर्वी तो कसा दिसतो, गोळी पाण्याबरोबर घेतो की केळ्याच्या घासाबरोबर, संडासला जायचे असल्याचे कोणत्या खुणेने कळवतो, रात्री कितीदा उठतो, हे सारे त्याला रोज सांभाळणाऱ्या काळजीवाहकाच्या डोक्यात असते आणि तो नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबरच जाते. त्या काळजीवाहकाशी निवांत बसून बोला, सर्व लिहून काढा, आणि शक्य असेल तर त्याला मानधन देऊन नव्या मदतनिसांना शिकवण्यासाठी काही दिवस बोलवा. आईला जे ठाऊक आहे तेही याच वहीत यावे. अहिराणी समजणारा मदतनीस ही तुमच्या भावाच्या बाबतीत हौस नव्हे, पहिली अट आहे.

मनगट चावण्याविषयी. त्याआधी काय घडले, त्याने नेमके काय केले आणि त्यानंतर भोवतालच्यांनी काय केले, या तीन गोष्टींची तारीख-वेळेसह नोंद काही आठवडे ठेवली, तर कारण बहुधा सापडते. ज्याला ‘दुखते’ असे सांगता येत नाही, तो ते वागण्यातून सांगतो. म्हणून शामक औषधाची मात्रा वाढवण्यापूर्वी दात, कान आणि बद्धकोष्ठता या तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. फिटसाठी फेनिटॉइन बराच काळ चालू असेल तर हिरड्या सुजून वाढतात, ही माहिती असलेली बरी. दंतवैद्याला ते आवर्जून सांगा. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली तर ती तातडीची अवस्था समजायची असते. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलाम या औषधाचा फवारा घरात ठेवावा का, तो कोणी आणि केव्हा द्यायचा, हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन भिंतीवर लावा.

आता माणसांचा हिशेब. आठवड्याचे तास १६८. एका मदतनिसाने आठवड्याला ४८ तास काम केले, तर घरात सतत एकच जण असण्यासाठीही साडेतीन माणसे लागतात. सुट्ट्या आणि आजारपण धरले तर चार. तिघांपैकी एकाला फिट येतात आणि सकाळी तिघांच्याही अंघोळी करायच्या आहेत, तेव्हा सकाळ-संध्याकाळ दुसरा माणूस हवाच. म्हणजे पाच-सहा जणांचे वेतन उभे राहणार असेल तरच पुढे जावे. ‘एक नवरा-बायकोचे जोडपे ठेवू, ते चोवीस तास बघतील’ ही योजना मी अनेकदा ऐकली आहे. त्या जोडप्याला झोप लागते, हे त्या योजनेत कोणी धरलेले नसते.

वेळापत्रक करताना आपल्याकडचे सण डोळ्यांसमोर ठेवा. मदतनीस सातपुड्यातले असतील तर होळीला ते गावी जाणारच, आणि त्यांनी जावेच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासरवाशिणी माहेरी जातात. त्या दिवसांत कोण येणार हे जानेवारीतच ठरलेले असावे.

घर पाहाल तेव्हा आपला उन्हाळा लक्षात घेऊन पाहा. मनोविकारावरची कित्येक औषधे शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी करतात. टोपिरामेट या फिटवरच्या गोळीने घाम कमी येतो. मनःस्थितीच्या चढउतारांवरचे लिथियम हे औषध चालू असलेल्याच्या शरीरातले पाणी कमी झाले तर औषध रक्तात साठून विषबाधा होऊ शकते. पारा ४५ अंशांजवळ जातो तेव्हा पत्र्याचे छप्पर असलेली खोली अशा माणसासाठी धोक्याची आहे. गच्चीवर झोपायची आपल्याकडे रीत आहे, पण फिट येणाऱ्यासाठी ती नाही, कठडा असला तरीही. न्हाणीघराला आतून कडी नसावी, शेगडी उंच ओट्यावर असावी, आणि घर मळ्याकडेला असेल तर उघडी विहीर किती अंतरावर आहे हे भाडे विचारण्याआधी बघावे.

आणखी एक. तिघांची कुटुंबे एकमेकांना ओळखतात, म्हणून ते तिघे एकत्र राहू शकतील असे होत नाही. तुमच्या भावाला गोंगाट सोसत नाही. दुसऱ्या दोघांपैकी कोणी दिवसभर मोठ्याने आवाज काढत असेल, तर हे घर त्याच्यासाठी संस्थेहून कठीण ठरेल. संस्थेत हे तिघे आपणहून एकमेकांजवळ बसतात का, ते विचारा.

चेन्नईच्या ‘द बनियन’ या १९९३ साली सुरू झालेल्या संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ या नावाने असाच मार्ग धरला आहे. दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या चार-पाच जणींसाठी साध्या वस्तीत भाड्याचे घर, सोबत मदतनीस, आणि कोणाबरोबर राहायचे यात त्यांचेही मत. तेथील बहुतेकजणी मनोविकारातून सावरलेल्या आहेत, तुमच्या भावाची गरज वेगळी आहे. तरीही जोड्या कशा जुळवतात, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

उत्तर: तालुका कोर्ट (वकील, अमळनेर)

वरील उत्तराला कायद्याची बाजू जोडतो. या विषयावर बोलताना तीन कायद्यांची नेहमी सरमिसळ होते.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ चे कलम १९ असे सांगते की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोय उपलब्ध नाही, केवळ एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. मात्र या कायद्यातील मनोविकाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व वगळलेले आहे, त्यामुळे देवपूरकर ताईंच्या भावाला ते कलम थेट लागू होत नाही. त्यांच्या उपयोगाचे कलम दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील पाचवे. समाजात राहण्याचा हक्क त्यात आहे, आणि एखाद्या विशिष्ट ठिकाणीच राहण्याची सक्ती दिव्यांग व्यक्तीवर करता येणार नाही, असेही त्यात आहे.

तिसरा कायदा राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांना तो लागू आहे. अठरा वर्षांनंतर पालकत्व हवे असेल तर जिल्हाधिकारी ज्या समितीत असतात त्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. बहिणीलाही पालक होता येते. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. लोक हे विसरतात आणि पुढे भाऊबंदकीत अडकतात. याच न्यासाच्या ‘घरौंदा’ योजनेत प्रौढांसाठी गटनिवास चालवता येतो, पण त्यासाठी न्यासाकडे नोंदणी झालेली संस्था लागते. पालकांची संघटनाही अशी नोंदणी करू शकते. तीन कुटुंबांनी आपसांत तोंडी ठरवून चालण्यापेक्षा हा मार्ग लांबचा असला तरी टिकाऊ आहे.

पैशांबाबत: वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन पाहा. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते आईच्या पश्चात हयातभर मिळू शकते, परंतु भावाचे नाव आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आई हयात असतानाच नोंदवून घेणे शहाणपणाचे. संजय गांधी निराधार योजनेची रक्कम दिव्यांगांसाठी आता दरमहा २५०० रुपये आहे. न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात एक लाख रुपयांपर्यंतचा वैद्यकीय खर्च येतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. महापालिकेकडे लेखी मागणी केल्याखेरीज तो कोणाच्या दारी चालत येत नाही. हे सर्व मिळूनही पाच-सहा जणांचे वेतन निघणार नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

उत्तर: शहादेकर (नंदुरबार जिल्हा)

माझा मुलगा स्वमग्न आहे, वय २८. मी या कल्पनेला विरोध करण्यासाठी लिहीत नाही, पण वरची दोन्ही उत्तरे वाचून मला भीतीच वाटली. संस्थेत एक काळजीवाहक आला नाही तर दुसरा असतो, अधीक्षक असतात, कधीमधी तपासणीला साहेब येतात. चार भिंतींच्या घरात रात्री मदतनिसाने हात उचलला, तर न बोलणारा मुलगा ते कोणाला सांगणार? आणि आम्ही आई-वडील सत्तरीकडे झुकलो आहोत. आज हौसेने उभे केलेले घर आमच्यानंतर कोण चालवणार?

अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव दिले. अठराव्या वर्षी बालगृह सोडण्याचा नियम अशा मुलांना लावू नये, त्यांना तेथेच आयुष्यभर राहू द्यावे, यासाठी ते वर्षानुवर्षे झगडत आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तीही एका अर्थी संस्थाच आहे. मग संस्था म्हटली की ती वाईटच, असे आपण का धरून चालतो?

उत्तर: गिरणाकाठ

शहादेकर ताई, तुमची भीती रास्त आहे आणि तिला पुरावाही आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचे २४ खाटांचे खासगी रुग्णालय होते. बौद्धिक दिव्यांगांना तेथे होणारी मारहाण २०११ साली बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने उघड केली. जागा लहान होती, तपासणी करणारी यंत्रणाही होती, तरीही तसे घडले. त्यानंतर सरकारने अशा रुग्णालयांत विनाकारण अडकलेल्यांना जून २०१४ पर्यंत समाजात आणण्याचे जाहीर केले आणि ती मुदत पाळता आली नाही, कारण बाहेर घरे आणि शिकलेली माणसे तयार नव्हती. आपल्याकडे त्याचीच दुसरी बाजू दिसली. मनोरुग्णालयातून हलवलेल्यांना भिक्षेकरीगृहात वा वृद्धाश्रमात पाठवण्याच्या महाराष्ट्रातील प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कडक आक्षेप घेतला. रुग्णालयातील आकडा तेवढा कमी झाला होता, एवढेच.

म्हणून जागा मोठी की लहान, एवढ्यावर भिस्त ठेवू नये. न कळवता आत येणारी माणसे किती आहेत, ते पाहावे. देवपुरातील घरात तिन्ही कुटुंबांपैकी कोणीतरी आठवड्यातून एकदा तरी वेळ न सांगता जावे. अंगावरच्या खुणांची नोंद रोज व्हावी आणि ती दुसऱ्या पाळीच्या मदतनिसाने तपासावी. शेजारणीला चहाला बोलवावे, ओसरीवर बसणे व्हावे. ज्या घरात गल्लीची ये-जा असते तेथे गोष्टी लपत नाहीत. वझ्झरबद्दल मी सहमत आहे. ज्यांना मागे कोणीच नाही त्यांच्यासाठी ते घरच आहे, आणि त्याला संस्था म्हणावे की नाही यावर मी वाद घालणार नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत, तुमच्यानंतर कोण, याचे उत्तर मात्र एका कुटुंबाच्या घरातून मिळणार नाही. वकीलसाहेब म्हणतात ती नोंदणीकृत पालक संघटना मला त्यासाठीच आवश्यक वाटते.

प्रतिसाद: देवपूरकर

सर्वांचे आभार. वेतनाचा हिशेब पाहून आम्ही तिघांनी या आठवड्यात एकत्र बसायचे ठरवले आहे. निवृत्तिवेतनाची नोंद आईच्या कागदांत दिसत नाही, ते काम मी लगेच हाती घेते. एक शंका राहते: भावाला नव्या जागी आणायचे ते थेट आणावे की हळूहळू? संस्था म्हणते, एकदा नाव कमी केले की जागा दुसऱ्याला दिली जाईल.

उत्तर: गिरणाकाठ

हळूहळूच. प्रथम नवा मदतनीस संस्थेत जाऊन त्याच्याजवळ बसू लागेल, मग एक दुपारचे जेवण नव्या घरात, आईच्या हातची कळण्याची भाकरी असेल तर उत्तम, मग दिवसभर, मग एक रात्र. त्याची रोजची चादर, ताट आणि पेला बरोबर आणा, नवे घेऊ नका. पहिल्या काही आठवड्यांत चावणे वाढले तर घाबरून परत नेऊ नका. पण झोप, जेवण किंवा फिट यांत बिघाड दिसला तर डॉक्टरांशी त्याच दिवशी बोला.

संस्थेला लेखी विनंती करा की नाव कमी न करता सहा महिन्यांची रजा धरावी, आणि त्या काळाचे शुल्क भरण्याची तयारी दाखवा. तोंडी होकारावर विसंबू नका; अधीक्षकांच्या सहीचे पत्र हाती आल्यावरच देवपुरातील घरमालकाला आगाऊ रक्कम द्या.