डेअरीच्या नोंदींना साधं एचटीटीपी पुरतं, की मेसेज ब्रोकर हवाच?

निपाणीहून : गावोगावच्या डेअरीतून सकाळ-संध्याकाळच्या नोंदी, म्हणजे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), तालुक्याच्या सर्व्हरवर न्यायच्या. एवढ्या कामालाही हल्ली काफ्का, म्हणजे संदेश साठवून पुढे देणारा मेसेज ब्रोकर, नि डझनभर सर्व्हिसेस सुचवतात. माझं मत ठाम आहे: एचटीटीपी (वेबची देवाणघेवाणीची पद्धत), जेसन (डेटा मजकुरात मांडायची पद्धत) आणि विचार करून ठरवलेले यूआरएल (वेब-पत्ते) पुरेत. प्रत्येक नोंदीला आपला यूआरएल द्या: केंद्र, तारीख, वेळ, सभासद क्रमांक. त्यावर पुट करा, म्हणजे या पत्त्यावर ही नोंद ठेव असं सर्व्हरला सांगा. उत्तर यायच्या आत रेंज गेली तर तीच नोंद परत पाठवा. पुट कितीदाही केलं तरी परिणाम एकदाच व्हायला हवा, हे एचटीटीपीच्या मानकातच आहे (आरएफसी ९११०, २०२२). तेच पोस्टने, म्हणजे दरवेळी नवी नोंद टाकून, केलंत तर १२ लिटरचे २४ होतील.

खानापूरहून : यूआरएलमध्ये गाय-म्हैस राहिली की! एकच सभासद एकाच वेळेला दोन्हीचं दूध घालतो. म्हशीची नोंद गाईच्या नोंदीवर बसेल आणि एररही येणार नाही. पावती क्रमांक घाला त्यात.

बेळगावहून : मला हे पटत नाही. नोंद आली की तीन कामं निघतात: खात्यावर जमा, पेंडेच्या उधारीची कपात, एसएमएस. तीन एचटीटीपी कॉल ओळीने केलेत आणि दुसरा पडला, तर दूध जमा झालं, कपात राहिली. दहा दिवसांचं बिल चुकलंच समजा. ब्रोकरमध्ये संदेश डिस्कवर राहतो. कपातीची सर्व्हिस दोन तासांनी उठली तरी थांबली तिथून पुढे वाचते.

निपाणीहून : मुद्दा खरा, पण उपाय जड आहे. नोंद आणि 'पुढे करायची कामं' एकाच डेटाबेसमध्ये, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा (दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही). एक छोटा प्रोग्राम दर ५ सेकंदांनी ते टेबल वाचून कामं उरकेल. ब्रोकरही सहसा 'किमान एकदा' एवढीच हमी देतो. म्हणजे दुबार कपात टाळायला पावती क्रमांकावर युनिक की (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारी अट) तुम्हालाही लावावीच लागणार.

जुना अनुभव विसरू नका. कोर्बा, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचे ऑब्जेक्ट जवळचे असल्यासारखे वापरायचं मानक, १९९१ मध्ये आलं. त्याच्या ऑब्जेक्ट रेफरन्समध्येच सर्व्हरचा पत्ता नि पोर्ट असायचा; सर्व्हर नॅटमागे (अनेक मशीनना बाहेर एकच पत्ता दाखवणारी सोय) असला की बाहेरच्याला आतला, निरुपयोगी पत्ता मिळायचा. मायक्रोसॉफ्टचं तसंच डीकॉम १३५ पोर्टवर सुरू होऊन पुढे कुठलाही पोर्ट मागायचं, तिथे फायरवॉल अडवायचा. दूरचा कॉल स्थानिक कॉलसारखा मानू नका, हे सन या संगणक कंपनीच्या जिम वॉल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच लिहिलंय. वेब टिकलं ते ही दूरी न लपवता.

चिकोडीहून : पुटमध्ये एक खड्डा आहे. सचिवांनी फॅट ६.२ ची ६.८ केली, आणि मागे अडकलेलं जुनं पुट नंतर पोचलं, तर दुरुस्ती पुसली जाते. इफ-मॅच या हेडरमध्ये ईटॅग, म्हणजे नोंदीच्या आवृत्तीची खूण, पाठवा. जुळला नाही तर सर्व्हर ४१२ (अट जुळली नाही) देतो. पहिल्यांदा लिहिताना इफ-नन-मॅचमध्ये तारांकन, म्हणजे आधी नोंद नसेल तरच लिही. दरपत्रकालाही ईटॅग ठेवा: बदललं नसेल तर ३०४ एवढंच उत्तर, डेटाचा खर्च वाचतो.

आणि नावाचा रकाना बाइटमध्ये मोजू नका. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरी असो वा कन्नड, प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, काना-मात्रा वेगळ्या. ३० बाइटमध्ये १० चिन्हंच बसतात, आडनाव तुटतं.

बेळगावहून : टेबलाचा उपाय तीन कामांपुरता मान्य. पण उद्या संघ, बँक, विमा असे दहा जण त्याच नोंदी मागतील. कोण कुठपर्यंत वाचून झालाय, एखाद्याला मागच्या महिन्यापासून परत कसं द्यायचं, हे सगळं त्या छोट्या प्रोग्राममध्ये लिहीत बसाल. काफ्कात कुठपर्यंत वाचलं त्या खुणेलाच ऑफसेट म्हणतात, आणि तो तयार मिळतो.

निपाणीहून : दहा होतील तेव्हा बसवू. नोंदींचे यूआरएल तेव्हाही हेच राहतील.