ऑपेरेटाला मराठीत काय म्हणाल?

सदाशिवकर: भाची जर्मनीत एका फिरत्या नाटक कंपनीत कोरसमध्ये गाते. सध्या त्यांचा फ्रान्झ लेहारच्या 'मेरी विडो'चा दौरा चालू आहे. पत्रक पाठवून म्हणाली, आजीसाठी मराठीत करून दे. पहिल्याच ओळीत अडलो: ऑपेरेटा. 'संगीतिका' लिहिलं, तर आई म्हणते, "आकाशवाणीवर लागायची ती?" खोडून 'संगीत नाटक' केलं, तर "मग तबल्याला कोण आहे?" तुम्ही काय लिहाल?

अनुस्वार: संगीतिकाच. ऑपेरेटा म्हणजे छोटा ऑपेरा, आणि आपल्याकडे 'इका' लावलं की वस्तू लहान होते. नाटिका, पुस्तिका. शब्द आयता पडलाय.

तिसरी घंटा: मग मोठ्या ऑपेराला काय, नुसतं 'संगीत'? लोकांनी संगीतिका त्यालाच देऊन टाकलाय. शिवाय 'छोटा' नावापुरतं, मेरी विडो चांगलं तीन अंकी आहे. मधेमधे गद्य संवाद, वॉल्ट्झचा नाच, गोड शेवट, ही त्याची खूण.

गद्यनट: गद्य संवाद, मधे पदं, पात्रं स्वतः गातात. हे अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात १८८० सालीच 'शाकुंतल' लावून केलं. त्याआधी विष्णुदास भाव्यांच्या खेळांत पदं सूत्रधार म्हणायचा. लेहारचं व्हिएन्नात आलं १९०५ ला. 'संगीत आनंदी विधवा' लिहा आणि मोकळे व्हा.

तिसरी घंटा: इतकं सोपं नाही हो. आपल्याकडे वन्समोअर आला की नट पुन्हा सुरू, दर खेपेला नव्या जागा. नाटक उजाडेपर्यंत चालायचं ते त्यामुळेच. तिथे समोर वाद्यवृंदाचा छडीवाला संचालक उभा, एक तान जास्त घेऊन बघा!

सदाशिवकर: 'आनंदी विधवा' आईला वाचून दाखवलं. चष्मा काढून म्हणाली, "आनंदी म्हणजे? नवरा गेल्याचा आनंद?" मग कथा सांगितली. हाना बँकरची श्रीमंत विधवा. ती परक्याशी लग्न करून पैसा बाहेर नेईल म्हणून अख्ख्या देशाला घोर, तर त्याच देशाच्या डानिलोनं तिला पटवायचं. ती म्हणते, दुसरं लग्न केलं तर माझ्याकडे पैसा राहणार नाही. तेव्हा कुठे हा प्रेम कबूल करतो. मग कळतं, पैसा जाणार तो नव्या नवऱ्याकडेच. आई म्हणाली, "हुशार आहे. विधवा कशाला लिहितोस, शेवटी लग्न होतंच की तिचं."

अनुस्वार: आईंना नमस्कार. पण 'वन्समोअर' काय, 'कोरस' काय! मराठी इतकी दरिद्री आहे का?

गद्यनट: वन्समोअर शंभर वर्षं मराठीच आहे. तुम्ही नाट्यगृहात 'पुनश्च' ओरडता का?

सदाशिवकर: बरं, आणखी एक अडचण. पत्रकात आहे की वादक 'पिट'मध्ये बसतात. तसंच लिहिलं तर आईला वाटेल स्वस्तातल्या तिकिटावर बसलेत.

तिसरी घंटा: खरंच की! आपला पिट म्हणजे स्वस्त जागांवरचा शिट्ट्या मारणारा प्रेक्षक. 'वादकांचा खड्डा' म्हणा.

गद्यनट: खड्डा? पुण्यात? लोकांना वाटेल महापालिकेचं काम निघालंय.

अनुस्वार: 'वाद्यकुंड' घ्या.

गद्यनट: त्यात समिधा कोण टाकणार?

तिसरी घंटा: आमचे आजोबा 'पिटात' म्हणायचे. म्हणजे तो पिट की ते पिट?