मदत हवी आहे: सायकलवरून हापिसात सामान न्यायचं कसं? (चोडण ते पाटो, मध्ये फेरीबोट)

नमस्कार मंडळी,

मी चोडणला राहतो, हापिस पणजीत पाटोला. एप्रिलपासून सायकलने जातोय. फेरीतून रायबंदरला उतरायचं आणि पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेल्या त्या लांबलचक बांधावरून सरळ पणजी. चढ जवळजवळ नाहीच, त्यामुळे वजनाची भीती नाही. ते वजन ठेवायचं कुठे, एवढाच प्रश्न आहे.

आत्तापर्यंत पाठीवर सॅक घेत होतो. लॅपटॉप, चार्जर, डबा, बाटली, बदलायचा शर्ट मिळून ६-७ किलो. मे महिन्यात पोचेपर्यंत अंगातला शर्ट पिळून घ्यावा असा व्हायचा. त्यात गेल्या मंगळवारी डब्यातलं हुमण (माशाची आमटी) सांडलं. लॅपटॉप वेगळ्या कप्प्यात होता म्हणून वाचला, पण बदलायच्या शर्टाला बांगड्याचा वास आणि अकराला मीटिंग. असो.

आता पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या पिशव्या घ्याव्यात असं मनात आहे. पण माझ्या सायकलला मागे डिस्क ब्रेक आहे आणि कॅरिअरचा पाय नेमका कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यावर येतो. दुसरं म्हणजे फेरीत स्कूटरांच्या गर्दीत सायकल उभी करायची. दोन्हीकडे पिशव्या फुगल्या की कुणाचा तरी आरसा त्यात अडकणार आणि शिव्या मला. सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरिअर दुकानदार गळ्यात मारतोय. ते घ्यावं का? बजेट ३ हजार. पाऊस तोंडावर आलाय, लवकर सांगा.

प्रतिसाद:
दांड्यावरचं घेऊ नका. त्यावर बहुतेक वेळा ९-१० किलोची मर्यादा असते, आणि खड्ड्यात आदळलं की हळूहळू एका बाजूला फिरतं. डिस्क ब्रेकवाल्या सायकलींसाठी पाय बाहेरून वळवलेलं कॅरिअर मिळतं, ते मागा. पिशवी एकच घ्या, डावीकडे लावा, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला लागणार नाही. फक्त साईड स्टँडही डावीकडेच असतो, भरलेली सायकल त्यावर सोडून चहाला जाऊ नका. विकत घेण्याआधी पिशवी लावून पॅडल उलटं फिरवून बघा. पाय मोठा असेल तर टाच प्रत्येक फेऱ्याला पिशवीवर आपटते. माझी आपटायची, शेवटी ती पिशवी भाजी आणायला ठेवली.

प्रतिसाद:
थोडा वेगळा सूर. लॅपटॉप पाठीवरच राहू द्या. रस्त्याचे धक्के शरीर झेलतं, कॅरिअर झेलत नाही. बाकी सगळं खाली उतरवा. दोन किलोच्या सॅकने एवढा घाम येत नाही. पावसात सॅकच्या कव्हरवर विसंबू नका, पाणी मानेवरून ओघळून पाठीच्या बाजूने आत शिरतं. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तोंड दोनदा दुमडा. मागचा मडगार्ड नसेल तर आधी तो बसवा, नाहीतर चाकाचा चिखल थेट पाठीवर. आणि आठवड्याचे शर्ट सोमवारी एकदाच नेऊन ठेवा की! रोज कशाला वाहता?

प्रतिसाद:
पोदेराकडे बघा. पावांची केवढी टोपली मागे बांधतो, वर प्लास्टिक, पाठीवर काही नाही. पों-पों करत गल्लीबोळातून जातो. तुमच्या डब्यालाही तशीच एक छोटी टोपली पुरे. हुकवाली रबरी दोरी मात्र टाळा, हुक सुटून आऱ्यांत गेला तर चाक जागच्या जागी अडकतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. शर्टांचं डोक्यात कसं आलं नाही कोण जाणे. लॅपटॉप पाठीवर, डबा-बाटली-रेनकोट कॅरिअरवर, असं ठरवलं. पॅनिअर तूर्त नको, बांधावर संध्याकाळी आडवा वारा असतो तेव्हा ती पिशवी शिडासारखी व्हायची. मडगार्ड आजच बसवला. सकाळी पोदेराला विचारलं, टोपली कशाने बांधतो. म्हणाला, जुन्या ट्यूबची पट्टी कापून. पंक्चरवाल्याने दोन ट्यूब फुकट दिल्या.

आता फक्त हुमण न सांडणारा डबा कुणी सुचवा.