मडफ्लॅप मागच्या माणसासाठी असतो : घरी केलेले, काढता-घालता येणारे फ्लॅप

गायमुखची_थार

काल इथे एका भावाची पोस्ट वाचली आणि डोक्यात तिडीक गेली. विषय मडफ्लॅपचा, म्हणजे चिखल-खडी मागे उडू नये म्हणून चाकामागे टांगायच्या रबरी पडद्याचा. म्हणे, "मडफ्लॅप ट्रकवाल्यांनी लावावेत. ऑफ-रोड गाडीला लावले की पहिल्याच ट्रेलवर फाटतात. चिखल उडणारच, मागच्याने अंतर ठेवावं." खाली अंगठ्यांचा खच. म्हणून सविस्तर लिहितो.

ट्रेलवर, म्हणजे डांबर सोडून दगड-चिखलाच्या वाटेवर, फाटतात, कबूल. पण कधी फाटतात? पुढे जाताना फार क्वचित. फाटतात रिव्हर्सला. चौकच्या बाजूला एका बांधावरून मागे येणारी थार मी जवळ उभं राहून पाहिली आहे. फ्लॅपची खालची कड दगडावर टेकली, टायर तिच्यावर चढला आणि गाडी मागे सरकत राहिली. आधी रबर ताणलं, मग ते धरणारी पट्टी वाकली, मग लायनरच्या (चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या) क्लिपा एकेक करून उडाल्या, आणि बंपरचा एक कोपरा खाली आला. चालवणाऱ्याला आत काही कळलंही नाही. म्हणजे ट्रेलवर फ्लॅप नको, हे मलाही मान्य आहे.

पण तीच गाडी संध्याकाळी चिखल घेऊन पनवेलमार्गे घरी येते. मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीच्या, टायरच्या खोल खाचांत माती ठासलेली असते. गल्लीच्या वेगात ती धरून राहते, हायवेला वेग घेतला की ढेकळं सुटायला लागतात. त्यात खडी असते. तेव्हा फ्लॅप हवाच. म्हणून काढता-घालता येणारा करायचा, हाच माझा मुद्दा.

मी केलेत ते असे. कापड घातलेली काळी रबर शीट, पाच मिलीमीटर. कन्व्हेयर बेल्टचा तुकडा भंगारात स्वस्त मिळतो, पण तो दहाचा असला तर वजन दुप्पट होतं आणि सगळा भार पट्टीवर येतो. तीनची शीट हायवेला वाऱ्याने मागे उडते, मग ती असून नसल्यासारखी. आधी पुठ्ठ्याचा साचा कापा. माझे टायर २५५ मिलीमीटरचे, म्हणजे दहा इंच रुंद, म्हणून फ्लॅप अकरा इंच. खालची कड जमिनीपासून साधारण सहा इंच, आणि हे माप गाडीत माणसं बसवून घ्यायचं, रिकाम्या गाडीवर नाही. पुढच्या चाकाला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, टायर घासता कामा नये. सायलेन्सरच्या बाजूला रबर जवळ जात असेल तर कोपरा उडवा.

बॉडीला एकही नवीन भोक नाही. लायनरचे स्क्रू जिथे आधीपासून आहेत तिथेच एसएसची (स्टेनलेस स्टीलची) एल आकाराची पट्टी कायमची बसवली. पट्टीला दोन खुंट्या, खुंटीच्या टोकाला आडवं भोक. फ्लॅप खुंट्यांवर अडकवायचा, वर रुंद वायसर (वॉशर), मग भोकात आर पिन, म्हणजे आर अक्षरासारखी तारेची पिन. पाना लागत नाही. डांबर संपलं की चारही काढून डिकीत टाकायचे, परत डांबर लागलं की लावायचे. विंग नट लावू नका, हादऱ्याने सुटतात.

एमटी_छेचाळीस

ती पोस्ट माझीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

चार फ्लॅप, आठ पिना, पावसात, गुडघाभर चिखलात. कोण लावणार? दोन वेळा लावाल, तिसऱ्यांदा डिकीतच राहतील. मी लोकांना ओळखतो, स्वतःलाही ओळखतो. त्यापेक्षा कंपनीचे छोटे फ्लॅप अॅक्सेसरीत मिळतात ते घ्या नाहीतर काहीच लावू नका. घरगुती जुगाड हायवेवर सुटला आणि मागच्याच्या अंगावर गेला तर? तेव्हा तुमचा तो मागचा माणूस कुठे जाईल?

आणि अंतर ठेवावं हे मी आजही म्हणतो. गाडी शिकवताना पहिल्या दिवशी हेच सांगतात.

ऐरोलीची_स्कूटर

अंतर ठेवावं म्हणणाऱ्या दादांनी एकदा सकाळी नऊ वाजता ठाणे-बेलापूर रोडला स्कूटर घेऊन यावं. अंतर मी ठेवते, त्यात तिसराच घुसतो. दर वेळी.

मागच्या पावसाळ्यात वाशीच्या पुलावर एक उंच जीप बाजूने पुढे गेली. तिचे टायर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) बाहेर आलेले होते. एका क्षणात हेल्मेटचा पूर्ण व्हायझर तपकिरी. पुसायला हात वर केला तर चिखल आणखी पसरला, बारीक रेती काचेवर घासली गेली. व्हायझर उघडला तर तेच पाणी डोळ्यात. मागे बस. मी कशी कडेला आले ते मला आठवत नाही. आम्हाला अटल सेतूवर जाता येत नाही, दुचाकीला तिथे बंदी आहे. मुंबईला जायचं तर हा पूल, नाहीतर ऐरोलीचा. 

फ्लॅप लावा, काढा, काय हवं ते करा. पण ते टायर बाहेर काढून फिरणं आधी थांबवा. त्या गाडीला फ्लॅप असता तरी काय झालं असतं? टायर फ्लॅपच्याही बाहेर होता.

जिप्सी_जुनी

ताईंचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी पुन्हा वाचा. पाणी टायरच्या रुंदीभर उडतं. अर्धा टायर बाहेर असेल तर फ्लॅप अर्धाच टायर झाकतो. रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) बदलून टायर बाहेर काढायचा आणि वर फ्लॅपच्या गप्पा मारायच्या!

मी जिप्सी चालवली तेव्हापासून सांगतोय, टायर फ्लेअरच्या, म्हणजे चाकावरच्या बाहेर आलेल्या कडेच्या, आत. बाहेर गेला की बेअरिंगवर ताण येतो, स्टिअरिंग जड होतं, आणि दरवाजाही आपलाच खरवडतो. दिसायला रुबाब, बाकी सगळं नुकसान.

एमटी_छेचाळीस

आता टायरवर आलात. माझे टायर बाहेर आहेत, हो. चिखलात रुंद पाया लागतो, तिरक्या उतारावर गाडी स्थिर राहते. ज्यांनी कधी तिरकी गाडी धरली नाही त्यांनी उंटावरून शेळ्या हाकू नयेत. ताई, तुमच्यासोबत जे झालं ते वाईट झालं, पण ती गाडी माझी नव्हती.

ऐरोलीची_स्कूटर

तुमची होती असं मी म्हटलंच नाही. तुमच्यासारखी होती.

कळंबोली_नाका

तुम्ही लोक एका थारवर एवढा वेळ घालवताय आणि कळंबोली, तळोजाला दिवसभर डंपर धावतात त्याचं काय? ताडपत्री नाही, मागचा फळका अर्धा उघडा, खडी गळत जाते. माझी पुढची काच गेली. थांबवून विचारलं तर ड्रायव्हर म्हणतो, दगड रस्त्यावरचा होता. शीव-पनवेलला संध्याकाळी कडेला बघा, खडीचा थर दिसेल. ती खडीच तुमच्या टायरने उडते. पहिला गुन्हेगार तो. त्याला कुणी पकडत नाही, चार हौशी लोकांना धरायचं.

गायमुखची_थार

डंपरचा त्रास घोडबंदरला आम्हालाही आहे, गायमुखच्या घाटात रोज आहे. पण डंपर चुकतो म्हणून माझं कर्तव्य संपत नाही. डंपरला फ्लॅप तरी असतो हो. फाटका का असेना, असतो.

आरटीओ_काका

सगळ्यांना एक सावधगिरीची सूचना. गाडीला काहीही जोडलं की आरटीओ पकडतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. फ्लॅप, कॅरियर, बंपर, सगळं बेकायदा. घरी बनवलेलं तर जास्तच.

जिप्सी_जुनी

काका, कलम ५२ पूर्ण वाचा. आरसीत जो तपशील आहे तो मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही, असा त्याचा रोख आहे. मडफ्लॅपचा आरसीत कुठे उल्लेख असतो? डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं ते क्रॅश गार्ड आणि बुल बारवर. समोर लोखंड लावल्याने पायी चालणाऱ्याला मार लागतो, म्हणून. रबराच्या तुकड्याने कुणाला काय लागणार? उगाच फाटे फोडू नका.

कायद्याचाच धाक घालायचा तर बाहेर आलेल्या टायरवाल्यांना घाला.

एमटी_छेचाळीस

परत टायर! इथे मडफ्लॅपचा विषय होता की माझ्या टायरचा?

ऐरोलीची_स्कूटर

माझ्यासाठी एकच विषय आहे दादा. तुमच्या चाकातून निघालेलं पाणी कुठे जातं?

तुर्भे_गॅरेज

इथे भांडण जास्त आणि काम कमी चाललंय म्हणून लिहितो. माझं काम पट्ट्या आणि ब्रॅकेटचंच आहे.

मूळ पोस्टमधली पट्टी चांगली आहे, पण एक सुचवतो. खुंटीला लोखंडी पिन न घालता फ्लॅप सहा मिलीमीटरच्या नायलॉन बोल्टवर टांगा. कुणी फ्लॅप काढायला विसरला आणि रिव्हर्स घेतला तर बोल्ट तुटतो, पट्टी आणि बंपर वाचतात. फ्लॅप उचलायचा, नवीन बोल्ट घालायचा. बोल्ट किरकोळ किमतीला मिळतो, बंपरचा खर्च तुम्हाला माहीतच आहे.

दुसरं, एसएस बोल्ट थेट ॲल्युमिनियमच्या पट्टीत घालू नका. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यात उरणच्या बाजूची खारी हवा असेल तर, ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वायसर घाला किंवा पट्टीही एसएसची घ्या. आणि भोक मारावंच लागलं तर उघड्या पत्र्याला झिंक प्रायमर लगेच, उद्यावर नाही.

जिप्सी_जुनी

नायलॉन बोल्टला माझा ठाम विरोध. तो रिव्हर्सला तुटतो तसा उन्हाने कडक होऊन हायवेलाही तुटेल. मग पाऊण किलोचं रबर कुणाच्या अंगावर? ताईंच्याच.

तुर्भे_गॅरेज

म्हणून वर एक पातळ वायरदोर बांधायचा ना. बोल्ट तुटला तरी फ्लॅप पडत नाही, लोंबकळतो.

जिप्सी_जुनी

आणि तोच लोंबकळणारा फ्लॅप दोरासकट टायरखाली गेला की पट्टी ओढतोच. मग बोल्ट तुटून काय मिळवलंत?

गायमुखची_थार

दोघांचं वाचून माझं मत सांगतो. तुटणारा बोल्ट हा फ्लॅप काढायला विसरणाऱ्यासाठी आहे. फ्लॅप जर काढण्यासाठीच बनवला असेल तर रस्त्यावर तो अजिबात सुटता कामा नये, आणि ट्रेलवर तो गाडीवर असताच कामा नये. मधली सोय करायला गेलं की दोन्हीकडे गोत्यात. मी लोखंडी पिनच ठेवणार, पिनेला छोटी साखळी म्हणजे ती हरवणार नाही. फ्लॅप काढल्याशिवाय फोर-लोला (ट्रेलवरच्या मंद, जोरदार गिअरला) हात लावायचा नाही, हा नियम गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलाय. माझी पुतणी आता डांबर संपण्याआधीच ओरडते.

गॅरेजवाल्या भाऊंचा वायसरचा मुद्दा मात्र शंभर टक्के घेतला.

कळंबोली_नाका

पण डंपरचं काय ते कुणी बोललंच नाही.

एमटी_छेचाळीस

सकाळपासून वाचतोय. एवढे लोक एका बाजूला आणि मी एका बाजूला, असू दे. दोन गोष्टी सांगतो.

टायर मी आत घेणार नाही. पैसे घालून रिम घेतलेत आणि मला ट्रेलवर त्याचा फायदा दिसतो. ज्याला पटत नाही त्याला पटू नये.

रिव्हर्सला फाटतात हे तुमचं बरोबर आहे, माझे तसेच गेले होते आणि म्हणून मी वैतागून ती पोस्ट टाकली. काढता येणारा प्रकार मी वापरून पाहिलेला नाही, त्यामुळे तो चालत नाही असं ठासून म्हणणार नाही. इतकंच. याला माझा होकार समजू नका.

ऐरोलीची_स्कूटर

होकार नको. टायर बाहेर ठेवायचाच असेल तर फ्लेअर तेवढा रुंद करा आणि फ्लॅप टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत घ्या. अकरा इंच तुम्हाला पुरणार नाही. आणि ट्रेलवरून आलात की डांबरावर चढायच्या आधी थांबून टायरच्या खाचांतली माती काठीने काढा. त्याला फ्लॅपही लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

जिप्सी_जुनी

काठीचं आम्ही पूर्वी नेहमी करायचो. आता कुणी करताना दिसत नाही.

एमटी_छेचाळीस

माती काढतो मी. नेहमी नाही, पण काढतो.

माझ्या टायरला लागेल तसा तेरा इंच रुंद फ्लॅप पाच मिलीमीटरच्या शीटमध्ये खाली वळणार नाही का? गॅरेजवाले भाऊ, उत्तर द्या. बाकीच्यांनी मध्ये पडू नये.

तुर्भे_गॅरेज

वळेल. बाहेरचा कोपरा मागे जाईल, कारण पट्टी आतल्या बाजूलाच संपते. पट्टी फ्लेअरच्या कडेपर्यंत लांबवा आणि बाहेरच्या टोकाला तिसरी खुंटी द्या. पट्टी दोन मिलीमीटरची नको, तीनची. टायरचं माप आणि रिमचा ऑफसेट लिहा, पट्टीची लांबी सांगतो.

एमटी_छेचाळीस

ऑफसेट रात्री रिमवर बघून टाकतो.