सेकंडहँड बाईक घेतल्यावर काय काय निघालं? अनुभव लिहा

एक बाईक बघून आलोय. सात वर्षं जुनी, दिसायला चकाचक, मालक म्हणतो इंजिन अजून खोललेलं नाही. मला चालवता येते पण आतलं काही कळत नाही, आणि सगळंच छान वाटलं म्हणूनच शंका येतेय. काय काय तपासायचं त्याच्या याद्या नकोत, त्या ढिगाने वाचल्यात. तुमच्या नजरेतून काय सुटलं आणि घरी आणल्यावर काय निघालं ते सांगा.

—

गरम इंजिनने फसवलं मला. बघायला गेलो तेव्हा मालक गाडी पुसत उभे, म्हणाले आत्ताच एक चक्कर मारून आलो. बटण दाबलं की फटकन चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चोक ओढून किका मारून मारून पोटरी भरून आली, आणि चालू झाली तेव्हा पहिली दोन मिनिटं सायलेन्सरमधून निळसर धूर, मग एकदम साफ. मेकॅनिक म्हणाला व्हॉल्व्हचे सील गेलेत, रात्रभर वरचं ऑइल झिरपून खाली उतरतं आणि सकाळी जळतं. टॅपेटही (व्हॉल्व्हजवळची फट) टाईट होते, म्हणून गार असताना उठत नव्हती. आता कुठलीही गाडी बघायला गेलो की आधी इंजिनला हात लावतो, बोलणं नंतर.

—

हात जपून लावा पण. मी उत्साहात सायलेन्सरला लावला होता, खूण अजून आहे.

—

निळ्या धुराचं माझ्याकडे वेगळं होतं. चालू करताना काही नाही, पण चढावर रेस पिळली की मागचा माणूस धुरात. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, म्हणजे ऑइल वर जाऊन जळत होतं, बोअर-पिस्टनचं काम निघालं. आणि घेताना इंजिन इतकं शांत कसं होतं तर त्यात जाड ऑइल ओतून ठेवलेलं. मी भोळेपणाने पहिल्याच आठवड्यात कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल टाकलं आणि खडखड सुरू झाली, मला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं.

—

माझी जरा मोठी गोष्ट आहे. गाडी सरळ रस्त्यावर हँडल किंचित डावीकडे धरलं तरच सरळ जायची. मालक म्हणाला कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, टाईट करून घ्या, बस. मी टाईट केला, मग नवीन टाकला, मग टायर बदलला, मग चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढला, प्रत्येक वेळी वाटायचं आता झालं. शेवटी एक मित्र मागून येत होता तो म्हणाला अरे तुझी गाडी खेकड्यासारखी चालते, पुढचं चाक एका रेषेत आणि मागचं दुसऱ्या. चांगला मेकॅनिक गाठला. त्याने टाकीकडे, रंगाकडे बघितलंच नाही, हँडल पूर्ण वळवून चॅसीवर जिथे ते अडतं तो लोखंडाचा ठोकळा दाखवला. एका बाजूचा चेपलेला. म्हणजे समोरून दणका बसून हँडल जोरात त्याच्यावर आदळलेलं. मग पुढच्या शॉकॲबचे पाइप काढून सपाट काचेवर गडगडवले, एक डुगडुगत होता. पाइप बदलता आले पण चॅसीचं काही झालं नाही, आणि मला ती गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं धाडस झालं नाही. पार्ट पार्ट करून विकली. नवीन रंग दिसला की लोक खूश होतात, मला आता धडकीच भरते.

—

मी बाई असल्याने मालक सगळं माझ्या भावाला समजावत होता, आणि भावाला सायकलसुद्धा नीट येत नाही. तेवढ्यात मी चक्कर मारून आले. टॉपमध्ये हळू चालवत एकदम पिळली तर इंजिन ओरडलं पण गाडी वेग घेईना. क्लच प्लेटा संपलेल्या. आल्यावर तेवढंच बोलले, मग माझ्याशी बोलायला लागला. घेतली मी. प्लेटा झिजायच्याच असतात, त्याचे पैसे कमी करून घ्यायचे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इंजिनाच्या आतलं काही असतं तर सोडली असती.

—

मीटरवर १८,००० किमी. पण फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, आणि चेनस्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झालेले. वर मालक म्हणतो टायर मूळचे. टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, तिथे २३१९, म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी २०१४ ची! काही न बोलता निघून आलो.

—

दोन वर्षं उभी असलेली गाडी घेतली. कमी चाललीय, चांगलीच असणार असं वाटलेलं. टाकीत टॉर्च मारून बघितलं नाही. आतून गंज, तो कार्बोरेटरमध्ये, तिथे आधीच सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर. तीन वेळा कार्बोरेटर साफ केला तेव्हा टाकी काढून बघायची अक्कल आली.

—

चांगला अनुभवही लिहितो. माझ्या मालकाने आधीच सांगितलं की बॅटरी टिकत नाही, दोन बदलल्या. मी मल्टीमीटर घेऊन गेलो, गाडी चालू करून रेस दिली तरी बॅटरीवर १२ च व्होल्ट, खरं तर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. वायरिंग आणि कॉइल ठीक होती, रेक्टिफायर (बॅटरीला चार्जिंग देणारा भाग) बदलला आणि त्या दिवसापासून चार वर्षं तक्रार नाही. दोष माहीत असलेली गाडी मला जास्त आवडते.

—

मी विकणारा होतो. दुसरा गियर सुटायचा, आणि मी ते पहिल्याच वाक्यात सांगायचो, तिघं तिथूनच परत गेले. चौथा इतका घाईत की मी तोंड उघडायच्या आत पैसे काढले. मग मीच त्याला मागे बसवून दुसऱ्यात पिळली, खट्‌ करून मोकळी. घेतली त्याने, गियरबॉक्स खोलायचा खर्च वजा करून.

—

धागा मीच काढलेला. आज सकाळी न सांगता परत गेलो. इंजिन गार होतं. मालक म्हणाले थांबा मी चालू करून देतो, मी म्हटलं मलाच करू द्या. सातव्या किकेला उठली. धूर नाही, पण एका बाजूने कटकट कटकट, गरम झाल्यावर बरीच कमी झाली. म्हणे ती तशीच वाजते. टायमिंग चेन (इंजिनाच्या आत व्हॉल्व्ह चालवणारी) सैल असेल तर आवाज कसा येतो? रेकॉर्ड करून आणलाय.