मदत हवी आहे: एकाच पुराचं पाणी, दोन डोह, शेवाळ मात्र वेगवेगळं

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतोय, दुसरं वर्ष. प्रकल्पात अडकलोय.

आमचं गाव दक्षिण सोलापुरात, हत्तरसंग कुडलच्या संगमाच्या अलीकडे (हो, शके 940 च्या मराठी शिलालेखाचं कुडल). सीनेला पूर आला की पाणी मळईत पसरतं आणि ओसरल्यावर दोन खोलगट जागी साचून राहतं. एक म्हसोबाचा डोह, दुसरा बाभळीचा. मध्ये पाच मिनिटांची वाट. गेल्या पुरात दोन्हींवर एकच पाणी होतं.

आता मार्च. म्हसोबाच्या डोहाला हिरवा रंग कालवल्यासारखं पाणी, सकाळी वाऱ्याच्या कडेला रवा सांडल्यासारखे कण. बाभळीच्या डोहात तळ दिसतो, खाली पाणवनस्पती आणि हाताला बुळबुळीत लागणारे स्पायरोगायरा या हिरव्या शेवाळाचे धागे. पत्र्याची 20 सेंमीची चकती काळी-पांढरी रंगवून सोडली, तर पहिल्या डोहात वीतभर खाली गेली की गायब.

मला वाटलं कारण सोपं आहे: शेजारी ऊस, युरिया-डीएपी वाहून येतं. पण ऊस दोन्हींच्या कडेला आहे! मार्गदर्शक म्हणतात, जातींची यादी कर आणि मोकळा हो. मला 'का' पाहिजे. दुसरं, सामू (पीएच) सकाळी 7.8 येतो नि दुपारी 9.3. यंत्र बिघडलंय का?

बार्शीकर

हिरवं पाणी बाटलीत भरून 'अमृतरस' म्हणून विक, प्रकल्पाचा खर्च निघेल.

चिखलपाय

यंत्र ठणठणीत आहे. दिवसभर शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, सामू चढतो. रात्री सगळेच श्वास घेतात, उतरतो. म्हणून दोन्ही डोहांचे नमुने एकाच वेळी घे, नाहीतर तुलना फुकट.

मूळ प्रश्नाकडे. पूर म्हणजे पाटी कोरी. पाणी गढूळ, ढवळलेलं. त्यात बहुधा डायटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ) सरस ठरतात, कारण ते जड असतात, पाणी हलतं राहिलं तरच वर टिकतात. नदीशी नातं तुटलं की प्रत्येक डोह आपापल्या वाटेनं जातो. पाणी आटतं, तापतं, स्थिरावतं. मग निळं-हिरवं शेवाळ वरचढ होतं, त्याच्या पेशीत वायूच्या पोकळ्या असतात, आपोआप वर तरंगतं आणि खालच्यांचा उजेड अडवतं. तुझे रव्याचे कण मायक्रोसिस्टिस असावेत. पडताळा: काचेच्या बाटलीत पाणी रात्रभर स्थिर ठेव, वर साय धरली तर बहुधा तेच. लुगॉल (नमुना टिकवायचं आयोडीनचं द्रावण) टाकण्याआधी जिवंत नमुना पाहा, नंतर सगळं विटकरी दिसतं.

खत मात्र अर्धीच गोष्ट. उथळ पाणी सारख्याच खताला दोन तऱ्हांनी राहू शकतं: पाणवनस्पतींचं स्वच्छ, नाहीतर शेवाळाचं हिरवं. वनस्पती गाळ धरून ठेवतात. पण तळ कुणी सतत उकरत असेल तर गाळातलं फॉस्फरस वर येतं, उजेड जातो, वनस्पती मरतात. तर मला सांग, म्हसोबाच्या डोहात म्हशी बसतात का? आणि मासे कोणते? जनावरांना ते पाणी पाजू नका. मायक्रोसिस्टिसचं विष यकृतावर जातं आणि उकळूनही जात नाही.

सीनाकाठ

चिखलपाय सर, पायरीवर बसून वाचलं आणि तसाच उठून काकांकडे गेलो. म्हशी रोज दुपारी म्हसोबाच्याच डोहात, बाभळीकडे काटे आहेत म्हणून कुणी हाकत नाही. आणि चिलापी (तिलापिया) माशाची पिल्लं दोन वर्षांपूर्वी काकांनीच सोडली होती! बाभळीचा डोह दर मे महिन्यात पूर्ण कोरडा पडतो, तिथं मासा टिकत नाही. हे मी प्रश्नावलीत विचारलंच नव्हतं, नुसतं नायट्रेट मोजत बसलो.

म्हशी आजपासून बोअरच्या हौदावर. आता मासा आणि म्हैस यांचा वाटा वेगळा कसा काढू? डोहात जाळीचा कप्पा करून म्हशी-मासे दोन्ही बाहेर ठेवले आणि आतलं पाणी बाहेरच्याशी ताडून पाहिलं, तर चालेल का?

चिखलपाय

एक नको, निदान तीन-तीन कर. काही कप्पे दोघांनाही बंद, काहींच्या कुंपणाची फट माशाला पुरेल पण म्हशीला नाही अशी. म्हशी आत्ताच हलवल्या आहेस, तर आजच्या पाण्याचा नमुना आधी भरून ठेव.

सीनाकाठ

भरला, सात वाजता. काका जाळं द्यायला तयार आहेत, पण धरलेली चिलापी निम्मी त्यांची.