नगरसेवकांना भेटायला जाताना तक्रार क्रमांक हवाच
'नगरसेवक भेटतात, ऐकून घेतात, पण काम होत नाही' असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. तोंडी तक्रार कार्यालयातच विरते. आधी मुंबई महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. मग वॉर्डाच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावे अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर अर्ज मिळाल्याचा आवक शिक्का मारून घ्या आणि तिची झेरॉक्स नगरसेवकांना द्या. त्या क्रमांकाच्या आधारे ते अधिकाऱ्याला जाब विचारू शकतात, प्रभाग समितीत (त्या भागातल्या नगरसेवकांच्या समितीत) विषय लावू शकतात.

बहुतेक अर्ज अडतात ते जागेच्या मालकीवर. गल्ली म्हाडाची, रेल्वेची की सोसायटीची खासगी, हे आधी पाहा, नाहीतर महिनाभर फाइल नुसती या खात्यातून त्या खात्यात फिरते. आणि फोटोत जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर येऊ द्या, जागा लगेच सापडते.